१९६९ ची अँबॅसेडर मार्क २: सपाटीवर झटके देते, तीन गॅरेज फिरून झाली

अजिंक्यतारा:

नमस्कार मंडळी. बाबांची अँबॅसेडर आहे, मार्क २, १९६९ ची. इंजिन मूळचंच, १४८९ सीसी, सोलेक्स कार्बोरेटर, पॉइंट-कंडेन्सरवालं इग्निशन (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी टोकं). बाबांनी ती १९७४ साली जुनी म्हणून घेतली. साताऱ्यात त्यांचा दवाखाना होता आणि आसपासच्या गावांतले रात्री-अपरात्रीचे कॉल त्यांनी याच गाडीने केले. आता ते ८१ वर्षांचे आहेत. गाडी चालवत नाहीत, पण रविवारी सकाळी शेजारच्या सीटवर बसून चक्कर मारायचीच असा नेम आहे, आणि गेले चार महिने तो मोडलाय. म्हणून हा धागा.

त्रास असा: सकाळी चोक ओढून एका दमात चालू होते. स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता उभी असताना) थोडी डोलते, पण बंद पडत नाही. रस्त्याला लागलं की चाळीसच्या पुढे झटके सुरू. इंजिन मिस मारतं, मध्येच सायलेन्सरमधून ‘फट्’ असा आवाज येतो. काळा धूर नाही, निळा नाही, पाणी तापत नाही.

आतापर्यंत तीन गॅरेज झाली. पहिल्याने कार्बोरेटर उघडून साफ केला, किट टाकलं. दुसऱ्याने प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि फ्यूल पंप बदलला. तिसऱ्याने परत कार्बोरेटर काढला आणि शेवटी ‘इंजिन उतरवावं लागेल’ म्हणाला. इंजिन खोलायच्या आधी तुम्हाला विचारावं असं ठरवलं. माझ्याकडे साधी हत्यारं, फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पात्या) आणि मल्टीमीटर आहे. शिकायची तयारी आहे.

पेठकर:

माझ्याकडे पद्मिनी आहे, त्यामुळे दुखणं ओळखीचं वाटतंय. आधी पेट्रोल बघा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि आपल्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. जुने रबरी पाइप फुगतात, आतून सुटून त्यांचा चुरा थेट जेटमध्ये, कार्बोरेटरच्या बारीक भोकांत, जाऊन बसतो. शिवाय पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च. म्हणजे जुन्या मापाच्या जेटमधून तेवढंच इंधन आलं तर मिश्रण पातळ पडतं. पातळ मिश्रण म्हणजे झटके आणि ‘फट्’.

घरी करून बघण्यासारखी गोष्ट: १०० मिलीच्या काचेच्या मोजपात्रात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घाला, हलवा, पाच मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. थर १० चा २८ च्या जवळ गेला तर वीस टक्के आहे असं समजा. हे अंगणात करा, स्वयंपाकघरात नको.

मांडवीतीर:

टाकी उघडून बघा. आमच्याकडे पणजीत जून ते सप्टेंबर गाडी उभी राहिली की टाकीत पाणी सुटतं आणि गंज धरतो. माझ्या गाडीला असेच झटके होते. टाकीच्या तळातून मूठभर तांबडी माती निघाली.

रातराणी:

पॉइंट काढून टाका आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. मी दोन वर्षांपूर्वी बसवलं, त्यानंतर डिस्ट्रिब्युटरचं (चारही प्लगना करंट वाटून देतो तो) झाकण उघडावं लागलेलं नाही.

उद्यमनगरी:

मी कोल्हापुरात उद्यमनगरात चाळीस वर्षं इंजिनं बांधली. आता हात थांबलेत, पण कान शाबूत आहेत. अजिंक्यतारा, तुमच्या वर्णनात मला एक गोष्ट खटकली. तीन गॅरेजांत एवढं सामान बदललं गेलं, पण कुणी काही मोजलं का? कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडरांतल्या दाबाचे, आकडे कुठे आहेत? प्लगचा रंग काय होता? टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाची फट, किती निघाले?

आता घाई न करता या क्रमाने जा.

इंजिन गरम करा आणि स्लोवर ठेवा. रबरी मोजे घालून किंवा प्लास्टिकच्या मुठीच्या पक्कडीने एकेक प्लगची वायर उपसा. काढलेलं टोक लगेच ब्लॉकला टेकवून ठेवा. ते तसंच लटकत ठेवलंत तर करंट दुसरी वाट शोधतो, रोटर नाहीतर कॉइल फोडून जातो. ज्या वायरीने आवाज पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच झोपलेला आहे.

मग चारही प्लग काढून ओळीने कागदावर मांडा. कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा. चॉकलेटी म्हणजे जेवण बरोबर. काजळीसारखा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. पांढरट म्हणजे पातळ.

त्यानंतर कॉम्प्रेशन. चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, बॅटरी चार्ज असताना स्टार्टर फिरवायचा. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे बघायचं. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट.

हे सगळं करून आकडे इथे लिहा. तोवर एक रुपयाचंही सामान आणू नका.

अजिंक्यतारा:

काका, कालचा सगळा शनिवार बॉनेटखाली गेला. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि आकडे त्यांनीच वहीत लिहून घेतले.

वायरी काढल्यावर चारही वेळा आवाज पडला. दोन आणि तीन नंबरला जरा कमी पडला, पण पडला. प्लग चारही चॉकलेटी, दोन-तीन किंचित गडद.

कॉम्प्रेशन पीएसआयमध्ये: १२४, ११६, ११७, १२५.

पेठकर, पेट्रोलची परीक्षाही केली. खालचा थर २७ वर थांबला. टाकीचा बोल्ट काढून पेट्रोल गाळून घेतलं, तळाशी थोडा गाळ होता, पण पाणी नव्हतं. सगळे रबरी पाइप नवे टाकले, ते करायलाच हवं होतं. पंपाचा पाइप बाटलीत सोडून बघितला, धार सलग येते. झटके जसेच्या तसे.

पेठकर:

पाइप बदलले ते चांगलंच झालं. प्लग चॉकलेटी असतील तर मात्र पातळ मिश्रणाचा माझा अंदाज मागे घेतो.

उद्यमनगरी:

छान. आता हे आकडे बघा. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले की पहिला संशय त्यांच्यामधल्या हेड गॅसकेटवर जातो. पण गॅसकेट दोघांमध्ये फुटलं असतं तर आकडे साठ-सत्तरवर कोसळले असते आणि स्लोवर गाडी तीन पायांवर चालली असती. इथे सात-आठचाच फरक आहे. म्हणजे दुसरं काहीतरी.

या इंजिनाची रचना डोळ्यांसमोर आणा. चार सिलिंडरांना एक्झॉस्टची तोंडं तीनच. एक आणि चारला स्वतंत्र, मधल्या दोन आणि तीनला मिळून एक. त्यामुळे हेडमध्ये सगळ्यात जास्त ताप मध्यभागी. त्या दोघांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुढून मोजलं तर चौथा आणि पाचवा. पूर्वी पेट्रोलात शिसं असायचं, ते व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसून तिला झिजण्यापासून वाचवायचं. २००० सालापासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. आपलं हेड बिडाचं, बैठक त्याच बिडात कापलेली. ती झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप आपोआप कमी होत जातो. आवाज येत नाही, उलट इंजिन शांत वाटतं, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही.

टॅपेट मोजा. इंजिन थंड, गॅप १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). नऊचा हिशेब ठेवा म्हणजे चुकणार नाही: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला मोजायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा, सहावा तर तिसरा. बेरीज नेहमी नऊ.

अजिंक्यतारा:

तुम्ही म्हणालात तसंच निघालं. चौथा ९ थाऊ, पाचवा १० थाऊ. बाकीचे १४ ते १६. सगळे १५ वर आणले. नंतर कॉम्प्रेशन १२४, १२२, १२१, १२५. स्लोवरचं डोलणं जवळजवळ गेलं. बॉनेटवर ठेवलेला पाण्याचा पेला आता नुसता थरथरतो, आधी सांडायचा.

पण रस्त्यावरचे झटके तसेच आहेत, त्यात काहीच फरक नाही. बाबा एक गोष्ट म्हणाले ती लिहितो. ते म्हणतात, हा पेट्रोलचा खोळंबा नाही, हा करंट तुटतोय, कारण ‘धाप लागल्यासारखं नाही, उचकी लागल्यासारखं होतंय’.

उद्यमनगरी:

डॉक्टरसाहेबांना माझा नमस्कार सांगा. निदान बरोबर आहे. पेट्रोल कमी पडतं तेव्हा इंजिन हळूहळू ढेपाळतं आणि हळूहळू सावरतं. करंट तुटतो तेव्हा बटण बंद केल्यासारखं झटकन जातं आणि झटकन येतं. सायलेन्सरमधला ‘फट्’ही त्याच्याशी जुळतो: ठिणगी चुकली की न जळलेलं मिश्रण एक्झॉस्टमध्ये जातं आणि पुढच्या स्फोटाने तिथे पेटतं.

आता डेल्कोकडे वळा. आमच्याकडे डिस्ट्रिब्युटरला सगळे डेल्कोच म्हणतात, कंपनी कुठलीही असो. झाकण आतून उजेडात धरून बघा, काळी केसासारखी रेघ दिसते का. रोटर तपासायचा तर झाकण काढा, कॉइलची मधली वायर रोटरच्या पितळी पट्टीपासून दोन-तीन मिलिमीटरवर धरून कुणालातरी पॉइंट हाताने उघडायला सांगा. पट्टीवर ठिणगी पडली तर करंट रोटरमधून शाफ्टला झिरपतोय, रोटर फेकून द्या. धरायला लाकडी चिमटा वापरा.

कंडेन्सर नवा आहे म्हणून तो चांगला आहे असं मानू नका. आजकाल नवे कंडेन्सर गरम झाले की दगा देतात. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर ढिगारा दिसला तर संशय कंडेन्सरवर.

पॉइंटचा गॅप १५ थाऊ. शाफ्ट धरून आडवा हलवून बघा. जाणवण्याइतका हलला तर बुश गेलंय, गॅप दर फेरीला वेगळा पडेल.

अजिंक्यतारा:

झाकण स्वच्छ. रोटरवर ठिणगी नाही. पॉइंट राखाडी, सपाट, गॅप १४ होता, १५ केला. शाफ्ट हलत नाही. जुना कंडेन्सर बाबांनी जपून ठेवला होता, तो लावून बघितला, काही फरक नाही.

डिस्ट्रिब्युटर लुकासचा २५डी४ आहे, बाजूला व्हॅक्यूमची डबी. आता मला काही सुचत नाहीये.

कुडाळकरीण:

मी मूळची कुडाळची, लेस्टरला बावीस वर्षं आहे. माझ्याकडे १९७१ ची एमजीबी आहे, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिचं इंजिन १७९८ सीसीचं, पण घराणं हेच, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज, आणि डिस्ट्रिब्युटरही २५डी४ च. म्हणून तुमचा धागा पहिल्यापासून वाचतेय.

एक प्रश्न विचारते, नीट आठवून सांगा. झटके नेमके कधी येतात? ‘चाळीसच्या पुढे’ म्हणालात. पण चाळीसच्या पुढे तुमचा पाय कुठे असतो? सपाट रस्त्यावर अर्धा दाबून एका वेगात चालवता तेव्हा? पूर्ण दाबल्यावरही येतात का? चढावर येतात का?

अजिंक्यतारा:

ताई, या नजरेने मी बघितलंच नव्हतं. परवा पुण्याहून येताना शिरवळ ते खंडाळा या सपाट पट्ट्यात गाडीने जीव नकोसा केला. पुढे खंबाटकी कशी चढणार अशी धास्ती होती. पण घाट लागल्यावर थर्डमध्ये टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि गाडी एकही झटका न देता वर आली. मला वाटलं चढावर नशिबाने साथ दिली. वर आल्यावर सपाटीला पाय सैल केला की परत सुरू.

म्हणजे: स्लोवर नाही, पूर्ण दाबल्यावर नाही, फक्त अर्ध्या पायावर.

कुडाळकरीण:

मग मला जवळजवळ खात्री आहे. सविस्तर लिहिते, कारण माझा एक अख्खा उन्हाळा यात गेला होता आणि मीही कार्बोरेटर दोनदा खोलला होता.

व्हॅक्यूमची डबी कार्बोरेटरला बारीक नळीने जोडलेली असते. नळीचं भोक थ्रॉटलच्या पडद्याच्या अगदी काठाशी असतं. स्लोवर पडदा बंद, भोक पडद्याच्या बाहेरच्या बाजूला राहतं, ओढ नाही. पूर्ण दाबलं की मॅनिफोल्डमध्येच ओढ उरत नाही. मधल्या स्थितीत, सपाट रस्त्यावर अर्ध्या पायाने चालवताना, ओढ सगळ्यात जास्त. तेव्हा डबीतला पडदा आत खेचला जातो आणि पॉइंट ज्या तबकडीवर बसलेत ती काही अंश फिरते. ठिणगी लवकर पडते, पेट्रोल वाचतं. म्हणजे गाडीची जी एकमेव स्थिती तुम्हाला छळतेय, त्याच स्थितीत ती तबकडी सरकते.

आता तबकडीवर काय काय आहे? पॉइंटला येणारी बारीक वायर, आणि दुसरी, तबकडीला डिस्ट्रिब्युटरच्या अंगाशी जोडणारी अर्थची छोटी विणलेली पट्टी. तबकडी सरकली की दर वेळी दोन्ही वाकतात, सरळ होतात. पन्नास वर्षं वाकल्यावर आतल्या तारा तुटतात. बाहेरचं आवरण मात्र शाबूत राहतं, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. तबकडी जाग्यावर असताना तुटलेली टोकं टेकलेली असतात, करंट जातो. तबकडी फिरली की टोकं सुटतात, करंट जातो-येतो करतो.

दोन परीक्षा सांगते. पहिली: व्हॅक्यूमची नळी काढा, कार्बोरेटरकडचं तोंड घट्ट बंद करा आणि त्याच रस्त्यावर चालवा. तबकडी फिरणारच नाही. झटके गेले तर गुन्हेगार त्या डबीच्या अलीकडे-पलीकडेच आहे. दुसरी: इंजिन स्लोवर ठेवून नळीचं डबीकडचं टोक तोंडात धरा आणि हवा ओढा. टायमिंग पुढे गेल्यामुळे इंजिनाचा वेग थोडा वाढायला हवा. वाढायच्या ऐवजी अडखळलं किंवा बंद पडलं तर वायर. आणि कितीही ओढलं तरी जीभ नळीला चिकटत नसेल तर डबीतला पडदा फाटलाय, हा वेगळा आजार.

रातराणी:

हे माहीत नव्हतं. मग माझ्या इलेक्ट्रॉनिक किटमध्ये ही भानगड उरत नाही ना?

कुडाळकरीण:

उरते. किट पॉइंटच्या जागी त्याच तबकडीवर बसतं, आणि बऱ्याच किटना अर्थ त्या तबकडीतूनच मिळतो. पट्टी तुटकी असेल तर अजिंक्यतारांनी पैसे घालून किट बसवलं असतं आणि झटके तसेच राहिले असते. मग दोष किटला दिला गेला असता. तुमचंही एकदा मीटर लावून तपासून घ्या.

उद्यमनगरी:

ताई, मला हे आधी सुचायला हवं होतं. मी शाफ्टपर्यंत गेलो आणि तबकडीपाशी थांबलो. नळी तोंडात धरून ओढायची परीक्षा फार चांगली आहे.

अजिंक्यतारा:

रविवारी सकाळी केलं ते जसंच्या तसं लिहितो.

नळी काढून, तोंडात स्क्रू बसवून, वाढे फाटा ते लिंब फाटा असं दोन वेळा गेलो. एकही झटका नाही. गाडी थोडी मंद वाटली, पण गुळगुळीत.

घरी येऊन इंजिन स्लोवर ठेवलं, मुलाला चावीपाशी बसवलं. नळीचं टोक तोंडात धरून ओढलं. इंजिनाने क्षणभर वेग घेतला आणि बटण दाबल्यासारखं बंद पडलं. परत चालू केलं, परत ओढलं, परत बंद. जीभ नळीला चिकटून राहिली होती, म्हणजे डबी शाबूत.

बाबा तोवर उठून काठी टेकत बॉनेटपाशी आले होते. ‘झाकण काढ’ म्हणाले. मल्टीमीटरची एक पिन तबकडीवर आणि एक डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर ठेवली. जाग्यावर असताना काटा शून्याला, म्हणजे जोड पक्का. बोटाने तबकडी फिरवली तर काटा मधल्या मध्ये नाचायला लागला आणि अर्ध्या वाटेवर साफ उडाला. सोडली की परत शून्य.

पट्टी चिमट्याने उचलली. वरचं काळपट सुती आवरण धड होतं. टोकाशी, जिथे ती स्क्रूच्या कडीत दाबलेली असते, तिथे थोडं वाकवलं तर आवरण फाकलं आणि आत फक्त दोन तारा दिसल्या, केसाएवढ्या. बाकी सगळ्या एका रेषेत तुटलेल्या, टोकं हिरवी पडलेली. जरा ओढल्यावर पट्टी हातात आली. पॉइंटला येणारी वायर धड आहे, पण तिचं रबर कडक होऊन भेगाळलंय.

बाबांनी ती पट्टी तळहातावर घेतली आणि बराच वेळ बघत बसले. जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी आहे.

आता प्रश्न असा, की दुरुस्त कशी करू? साध्या वायरीचा तुकडा झाळून लावू का?

उद्यमनगरी:

साधी वायर लावू नका, आणि झाळूही नका. झाळताना कथिल तारांच्या आत चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि जिथे कथिल संपतं तिथे महिनाभरात तुटतो. इथे हवी अतिशय मऊ, खूप बारीक तारांची वायर.

आम्ही काय करायचो सांगतो. डायनॅमोच्या किंवा स्टार्टरच्या जुन्या कार्बन ब्रशला मागे तांब्याची विणलेली शेपटी असते. कार्बनची झीज होईल तसा ब्रश पुढे सरकतो, म्हणून ती शेपटी मुद्दाम मऊ बनवलेली असते. मोटार वाइंडिंगच्या दुकानात जाऊन छोट्या मोटारीचा झिजलेला ब्रश मागा, शेपटी कापून घ्या. दोन्ही टोकांना छोट्या तांब्याच्या कड्या पक्कडीने दाबून बसवा, झाळायचं नाही. लांबी अशी ठेवा की तबकडी पूर्ण फिरली तरी पट्टी ताणली जाणार नाही, पण इतकीही सैल नको की कॅमला घासेल. पॉइंटची वायरही बदलून टाका, पण तिला आवरण हवंच. ती कुठे उघडी टेकली तर इंजिन चालूच होणार नाही.

स्क्रूच्या खालची जागा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा. गंजावर अर्थ लागत नाही.

पेठकर:

तयार हवी असेल तर नाना पेठेत विचारून बघा. जुन्या दुकानांत २५डी४ ची तबकडी पट्टीसकट मिळू शकते. कलकत्त्याला कुणी जाणार असेल तर मल्लिक बाजार, अँबॅसेडरचं जुनं सामान तिथे मिळतं.

मांडवीतीर:

पॉइंटच्या वायरीसाठी मल्टीमीटरच्या पिनांची मऊ वायर चालते. मी वापरली आहे.

अजिंक्यतारा:

काकांनी सांगितल्याप्रमाणे केलं. पोवई नाक्याजवळच्या वाइंडिंगवाल्याने झिजलेल्या ब्रशांचा डबाच पुढे ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. पट्टी तीन वेळा बनवावी लागली. पहिली आखूड झाली, दुसरी कॅमला घासत होती. तिसरीला छोटा वळसा दिला, मग बसली. पॉइंटच्या वायरीला मल्टीमीटरची लाल वायर. तबकडी फिरवून मीटरवर दहा वेळा बघितलं, काटा हलला नाही. मग गॅप परत १५ केला, नळी जोडली आणि तोंडाने ओढून बघितलं. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला.

आज बाबांना घेऊन वाईपर्यंत जाऊन आलो. पाचवडच्या अलीकडे सपाटीवर पंचेचाळीसला धरली, अर्धा पाय. आम्ही दोघंही बोलत नव्हतो. सुरूर येईपर्यंत बाबांनी खिडकीची काच खाली केली, हात बाहेर काढून दारावर ठेवला, पूर्वी कॉलला जाताना ठेवायचे तसा. वाईत ढोल्या गणपतीसमोर गाडी लावली तर चार-पाच जण गोळा झाले. बाबांनी त्यांना चौथ्या आणि पाचव्या टॅपेटची सगळी हकीकत सांगितली.

कुडाळकरीण:

वाचून डोळे भरून आले. माझे वडील कुडाळला एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांनीच मला फीलर गेज धरायला शिकवलं.

उद्यमनगरी:

डॉक्टरसाहेबांना चक्कर मिळाली, फार बरं वाटलं. पण चौथा-पाचवा विसरू नका. बैठक झिजतेय हे नक्की, किती वेगाने तेवढंच बघायचंय. ५०० किलोमीटरनंतर थंड इंजिनावर परत मोजा. दोन थाऊच्या आत कमी झाला असेल तर बरीच वर्षं निघतील, नुसतं सेट करत राहा. पाच-सहाने कमी झाला तर हेड उतरवून त्या दोन बैठकींत कडक पोलादाच्या रिंगा बसवून घ्याव्या लागतील. ते काम चांगल्या मशीनवरच करून घ्या.

अजिंक्यतारा:

काका, ५१० किलोमीटर झाले. आज सकाळी मोजलं: चौथा १४, पाचवा १४. बाकीचे १५. बाबांनी वहीत तारखेसकट लिहिलंय आणि पुढचं पान १००० साठी आखून ठेवलंय.